द्राक्षबागेतली फवारणी कमी करायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात वडिलांची चार एकर थॉमसन जातीची द्राक्षं, मुलगा ॲग्री शिकून नुकताच शेतीत उतरलाय, त्याला बाग पर्यावरणपूरक, 'रेसिड्यू फ्री' म्हणजे औषधाचे अवशेष न राहणाऱ्या पद्धतीनं करायचीय. वडील म्हणतात औषध थांबवलं तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आठवड्यात बाग खाऊन टाकेल. मुलाला विचारायचंय की संशोधनातून खरंच सिद्ध झालेलं काय आहे, पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं, आणि शेजारच्या अर्ध्या एकरात स्ट्रॉबेरी लावली तर तिलाही हेच लागू पडेल का, आणि शेवटी वडिलांचं काय करायचं.

भाऊ, पहिली गोष्ट, वडील बरोबर बोलतायत. त्यांचं म्हणणं जुनाट आहे असं समजून या कामाला हात घालू नका. मी २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस बघितलाय, ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेल्या बागा नेमक्या फुलोऱ्यात होत्या आणि दोन-तीन दिवस पानं वाळलीच नाहीत, ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र बागेत घालायला जागा नाही सगळा चिखल, आणि पुढच्या आठवड्यात घडांची दांडी तपकिरी होऊन हाताला लागली की तुटायची. त्या वर्षी माझ्या स्वतःच्या दीड एकराला काहीच आलं नाही. ज्या माणसानं असं वर्ष पाहिलंय तो कॅलेंडर बघून फवारतो यात त्याचा दोष नाही, भीती खरी आहे. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते 'औषध बंद करा' असं नाहीये. आपण जे स्प्रे मारतो त्यातले बरेचसे आपल्याच आधीच्या स्प्रेमुळे मारावे लागतात, आणि कमी करायला सुरुवात तिथून करायची, डाऊनीपासून नाही. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी वडिलांशी अर्धं भांडण मिटेल.

एक गैरसमज आधी बाजूला करू कारण तुमच्या प्रश्नातही तो आहे. तुम्ही 'रेसिड्यू फ्री' आणि 'पर्यावरणपूरक' एकाच अर्थानं लिहिलंय. तसं नाही ते. आपल्याकडे अवशेषांचं सगळं प्रकरण सुरू झालं २००३ मध्ये युरोपात आपल्या मालात मिथोमिल, ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष सापडले तेव्हा. मग मॉनिटरिंग प्लॅन आला, २००६ ला अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, ग्रेपनेट आलं, प्रत्येक प्लॉटचं रजिस्ट्रेशन, सँपल, लॅब. २०१० ला परत सीसीसीनं, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडनं, दणका दिला, तिथली मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम किलोला आणि आपण वर्षानुवर्षं ते वाढ रोखायला वापरत होतो, कुणाच्या डोक्यातच नव्हतं. या सगळ्यातून आपल्या बागायतदाराला शिस्त लागली, पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर पाळायला लागला, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ॲनेक्श्चर ५ ची औषधांची यादी बघायला लागला, हे सगळं चांगलंच झालं. पण ही शिस्त फक्त मण्यात काय राहिलं ते मोजते. मातीत काय राहिलं, विहिरीत काय उतरलं, बागेतले मित्रकीटक जगले का मेले, फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर काय उडालं, याचा लॅब रिपोर्टात कॉलम नसतो. असंही होतं की लवकर मोडणारं पण सगळे किडे सरसकट मारणारं औषध तुम्ही पीएचआय पाळून मारलं, रिपोर्ट एकदम क्लीन येईल, आणि बाग मात्र आतून रिकामी झालेली असेल.

बाग आतून रिकामी होणं म्हणजे काय, यावरचं सगळ्यात चांगलं काम द्राक्षाचं नाहीच, सफरचंदाचं आहे, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या ॲनापोलिस खोऱ्यातलं. तिथे ए. डी. पिकेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ होता, त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात एक साधा प्रश्न धरला. खवले किडीचा त्रास पूर्वी एवढा नव्हता, मग आता दरवर्षी का वाढतोय? शोधता शोधता ते पोचले स्कॅब या सफरचंदाच्या बुरशीजन्य रोगासाठी मारल्या जाणाऱ्या गंधकापाशी. म्हणजे बुरशीनाशक, किडीशी ज्याचा संबंध नाही असं आपण समजतो ते. ते गंधक खवले किडीवर जगणारा एक बारीक कोळी आणि एक परोपजीवी गांधीलमाशी यांना मारत होतं, आणि राखणदार गेल्यावर खवले कीड मोकाट. त्यांनी गंधक बदललं, औषध आणि वेळ निवडून कमीत कमी नुकसान करणारा कार्यक्रम बसवला, आणि कीड बऱ्याच ठिकाणी आपोआप खाली आली. लक्षात घ्या, त्यांनी फवारणी बंद केली नाही. कुठलं औषध कुणाला मारतं ते बघून निवडलं. आज जगभर ज्याला एकात्मिक फळबाग व्यवस्थापन म्हणतात त्याचं एक मूळ तिथे आहे.

आता हेच आपल्या मिलीबगला, म्हणजे पिठ्या ढेकणाला, लावून बघा. द्राक्षात आपल्याकडे मुख्यतः गुलाबी मिलीबग, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सुट्या सालीखाली, खोडाच्या भेगांत, ओलांड्यावर म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवर बसलेला असतो, आणि मण्यात पाणी उतरायला लागलं की घडात शिरतो. तिथे गेल्यावर त्याच्या अंगावरच्या मेणामुळे औषध पोचत नाही, आणि तेव्हा काढणी जवळ आलेली असल्यामुळे पीएचआयपण हात बांधतो. मग आपण काय करतो, घाबरून आधीपासूनच जड औषधं मारत सुटतो. आणि त्या औषधांनी मरतो कोण तर ॲनागायरस नावाची एक बारकीशी गांधीलमाशी, डोळ्यालाही नीट दिसत नाही एवढी, जी मिलीबगच्या पोटात अंडी घालते, आणि मरतो लेडीबर्ड, म्हणजे ढालकिडा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारल्यावर महिन्याभरात मिलीबग आणि लाल कोळी दोन्ही उसळलेले मी इतक्या बागांत बघितलेत की आता त्या गटाचं नाव शेड्यूलमध्ये दिसलं की पहिल्यांदा तेच खोडतो. तुम्हीही पहिल्या वर्षी सगळ्यात आधी हे करा, शेड्यूलमधून ती सरसकट मारणारी औषधं काढा. नवीन काही विकत आणायच्या आधी हे काढणं करा, याला पैसे लागत नाहीत.

मिलीबगसाठी मित्रकीटक आहे क्रिप्टोलिमस, ऑस्ट्रेलियातून आपल्या देशात १८९८ मध्ये आणलेला लेडीबर्ड, म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. शिफारस वेलीमागे १० भुंगेरे सोडण्याची आहे. पण इथे एक गंमत नाही, फार वाईट वाटणारी गोष्ट सांगतो. त्याची अळी हुबेहूब मिलीबगसारखी दिसते. पांढरी, अंगावर मेणाचे धागे लोंबणारे. एका बागेत मीच क्रिप्टोलिमस सोडायला लावले होते, तीन आठवड्यांनी गेलो तर बायका ओलांडा घासून साफ करत होत्या आणि 'दादा बघा केवढाला मिलीबग झालाय' म्हणून मला दाखवत होत्या, त्यातले अर्धे क्रिप्टोलिमसच्या अळ्या. चूक माझीच, मी कुणाला दाखवून ठेवलं नव्हतं. फरक असा ओळखायचा, मिलीबगची मादी तीन-चार मिलिमीटरची, जागेवर बसून राहते, ढोसली तरी संथ. अळी मोठी होते तेव्हा सेंटिमीटरच्या पुढे जाते, धागे लांब लांब, आणि काडीनं ढोसली की पळते. पळणारी पांढरी दिसली की हात लावायचा नाही. हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रत्यक्ष दाखवा, मोबाईलवर फोटो नको, वेलीवर दाखवा.

आणि मुंग्या. मिलीबग गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात लेडीबर्डला, गांधीलमाशीला हुसकावतात. मुंग्यांचा बंदोबस्त न करता क्रिप्टोलिमस सोडणं म्हणजे राखण्या कुत्र्यांच्या अंगणात कोंबड्या सोडण्यासारखं. खोडावर चिकटपट्टी, वारूळ शोधून तिथल्या तिथे उपाय, आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या, ठिबकच्या लटकणाऱ्या नळ्या उचलायच्या कारण मुंगी पट्टी चुकवून तिथून चढते. सुटी साल काढायचं काम खरड छाटणीनंतर लगेच, साल जमिनीवर टाकायची नाही, पोत्यात भरून बाहेर.

परदेशी संशोधन वाचताना एक काळजी घ्या. कॅलिफोर्नियात मिलीबगसाठी मादीच्या वासाचे फेरोमोन बागभर लावून नराला गोंधळवतात, चांगलं काम करतं ते, पण तिथला मिलीबग वेगळ्या जातीचा. सफरचंदाच्या कॉडलिंग मॉथसाठी तर ही पद्धत फार यशस्वी झालीय, पण आपल्या द्राक्षात तो पतंगच नाही. वास जातीपुरता असतो. कुणी इंटरनेटवरून वाचून तुम्हाला ती लूर, म्हणजे वासाचं आमिष, विकायला आला तर आधी विचारा कुठल्या जातीसाठी आहे.

आता डाऊनी. इथे मी सेंद्रिय वगैरे काही बोलणार नाही, ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तिसऱ्या पानापासून ते साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांपर्यंत पाऊस किंवा दव असेल तर संरक्षण लागतंच. पण डाऊनी कशी चालते हे समजलं तर निम्मे स्प्रे तरी 'मारू की नको' या यादीत येतात. ही खरी बुरशी नाही, पाण्यात पोहणारा जीव आहे. पानावर पाण्याचा पापुद्रा काही तास टिकला तरच तिचे पोहणारे बीजाणू पानाखालच्या रंध्रात शिरतात. आत गेल्यावर चार-सहा दिवसांनी तेलकट डाग. मग पुढची पिढी तयार व्हायला रात्र लागते, अंधार, आणि हवेत ९५ टक्क्यांच्या वरची आर्द्रता सलग काही तास. म्हणजे पान ओलं राहणं आणि रात्रीची कोंदट हवा, दोन्ही मिळाले तरच साखळी चालू राहते. पाऊस आपल्या हातात नाही. पान किती वेळात वाळतं ते मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. फेलफूट म्हणजे घड नसलेली जादा फूट वेळेवर काढणं, एका काडीला लागून दुसरी काडी नाही, घडाच्या अवतीभवतीची दोन-तीन जुनी पानं काढून सकाळचं ऊन आत जाऊ देणं, पानांच्या बेचक्यातल्या बगलफुटी वाढू न देणं. हे काम आपण करतो पण उशिरा करतो, मजूर मिळाले की करतो, आणि मजूर उशिरा मिळाले तर त्या आठवड्यात दोन स्प्रे जास्त मारतो. हिशोब मांडून बघा, कॅनॉपीच्या, म्हणजे पानांच्या पसाऱ्याच्या, मजुरीचे आठ दिवस आधी दिलेले पैसे औषधाच्या बिलातून वसूल होतात. नत्र जास्त टाकलेली बाग तर कितीही काढा, परत भरते, म्हणून देठ परीक्षण करूनच नत्र द्या.

डाग बघून खात्री नसेल तर एक घरगुती परीक्षा आहे. संशयित पान संध्याकाळी तोडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला टिश्यू पेपर किंवा ओली चिंधी घालून त्यात ठेवा, तोंड बांधा, अंधाऱ्या कपाटात रात्रभर. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पिठासारखी पांढरी लव आली असेल तर जिवंत डाऊनी. काही आलं नाही, डाग कोरडा तपकिरीच राहिला, तर बहुधा आधीच्या स्प्रेनं मेलेला डाग आहे किंवा दुसरंच काही. मेलेल्या डागावर मारलेला स्प्रे सरळ वाया. माझ्याकडे सीझनमध्ये कपाटात अशा दहा-दहा पिशव्या असतात, प्रत्येकीवर ओळ नंबर लिहिलेला, घरची माणसं वैतागतात पण त्या पिशव्यांनी जेवढे स्प्रे वाचवलेत तेवढे कुठल्याच जैविक बाटलीनं वाचवले नाहीत.

रेझिस्टन्सचं, म्हणजे रोग औषधाला सरावण्याचं, पण सांगून ठेवतो. स्ट्रॉबिल्युरिन गटाच्या बुरशीनाशकांना दाद न देणारी डाऊनी आपल्या पश्चिम भारतातल्या बागांत आहे हे मांजरीच्या संशोधकांनी २०१६ च्या सुमारास मांडलंय. एकाच गटाचं औषध वेगवेगळ्या नावांनी परत परत मारलं की हेच होणार. डब्यावरचं कंपनीचं नाव बघू नका, मागे गटाचा कोड असतो तो बघा.

बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण. सेंद्रियवाले म्हणतात बोर्डो चालतं, म्हणून बिनधास्त मारा. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद-चुना उडवत, त्या वेलींना डाऊनी नाही हे मिलार्डेनं बघितलं आणि १८८५ ला ते औषध म्हणून मांडलं, तेव्हापासून जगातली द्राक्षशेती त्यावर उभी आहे. मी पण वापरतो. पण तांबं मोडत नाही, ते धातू आहे, मातीत पडलं की पिढ्यान् पिढ्या तिथेच. युरोपात त्याला आता मर्यादा आहे, ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, एकराला धरा १.६ किलो. आता आपला हिशोब करा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे २५० ग्रॅमच्या आसपास. एकराला ४०० लिटर मारलं की एक किलो तांबं जमिनीवर. दीड स्प्रेत युरोपची वर्षाची मर्यादा संपली! आणि आपण पावसाळ्यात सहा-सहा वेळा मारतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तांबं घट्ट धरून राहतं म्हणून झाडाला लगेच त्रास दिसत नाही, पण गांडुळांना आणि मातीतल्या जिवांना तो साठा सोसावा लागतोच. मी अलीकडे पावसाळ्यात अर्धा टक्काच मारतो, पानं कोवळी असताना पाणीही कमी, आणि पाऊस उघडला की थांबतो. बनवताना लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला नाहीतर पानं जळतील. अर्धा टक्का करून सुद्धा सहा वेळा मारलं तर मर्यादेच्या दुप्पट जातंय हे आहेच, म्हणून मोजून वहीत लिहा, वर्षाला किती तांबं टाकलं. ही वही मला सगळ्यात उपयोगी वाटते.

भुरीचं, म्हणजे पावडरी मिल्ड्यूचं, जरा सोपं आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा केंद्रातलं फार सुंदर काम आहे यावर, मणी सेट झाल्यानंतर पहिले तीन-चार आठवडे मणी भुरीला एकदम नाजूक असतो आणि त्यानंतर मण्याला नव्यानं लागण होणं फार अवघड होत जातं. म्हणजे ते तीन-चार आठवडे तुमचा सगळा जोर. दांडा आणि देठ मात्र नंतरही लागू शकतात, त्यामुळे नंतर बघायचं बंद करायचं नाही, दांडे बघायचे. नंतरच्या काळात गंधक, पोटॅशियम बायकार्बोनेट, ॲम्पेलोमायसिस, बॅसिलस सबटिलिस हा उपयोगी जिवाणू यांवर भागवता येतं, काढणीजवळ अवशेषांची भीती पण नाही. ॲम्पेलोमायसिस ही भुरीवरच जगणारी बुरशी आहे, तिला भुरी थोडी असावी लागते आणि हवेत ओलावा लागतो, कोरड्या कडक थंडीत ती झोपून राहते आणि मग लोक म्हणतात जैविक काम करत नाही. गंधक आणि ॲम्पेलोमायसिस एकाच टाकीत टाकणारे पण बघितलेत मी, मग काय होणार. आणि गंधकाचं नोव्हा स्कॉशियाचं वर सांगितलंच, भक्षक कोळ्यांना ते सोसत नाही, म्हणून गंधक पण हवं तेवढंच. बॅसिलस सबटिलिसबद्दल मांजरीतून आणखी एक गोष्ट पुढे आलीय, त्याच्या काही स्ट्रेन कार्बेन्डाझिमसारख्या औषधाचे अवशेष द्राक्षावर लवकर मोडतात. म्हणून त्याला माझ्याकडे काढणीआधी जागा आहेच.

जैविक बाटल्यांविषयी मात्र सावध. तीन-चार वर्षांपूर्वी एका दुकानातून वनस्पतीजन्य म्हणून घेतलेलं औषध लाल कोळीवर इतकं जबरदस्त चाललं की मलाच शंका यायला पाहिजे होती, आली नाही, आणि त्या प्लॉटच्या रिपोर्टात कधीच न मारलेलं रासायनिक औषध सापडलं. माल लोकलला द्यावा लागला. तेव्हापासून नियम, लेबलवर नोंदणी क्रमांक नाही, घटक लिहिलेला नाही, जिवाणूंचं प्रमाण नाही, एक्सपायरी नाही, तर बाटली घरात येणार नाही. ट्रायकोडर्मा, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या उपयोगी बुरश्या जिवंत आहेत, उन्हात गाडीच्या डिकीत पडलेली बाटली म्हणजे मेलेली बाटली. शक्यतो कृषी विद्यापीठाच्या किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून ताजं आणा आणि संध्याकाळीच मारा.

मशीनकडे बघितलंय का कधी? नोझल झिजलेले असतात, एका बाजूनं धो धो आणि दुसऱ्या बाजूनं धुकं. पाण्यानं रंग बदलणारे छोटे पिवळे कागद मिळतात, ते पानांच्या खाली, कॅनॉपीच्या आत, घडाला टाचणीनं लावा आणि नुसतं पाणी फवारून बघा कुठे किती पोचतंय. पहिल्यांदा केलं तेव्हा माझे वरचे कागद निळे भोर आणि घडाजवळचे तसेच पिवळे! इतकी वर्षं मी आकाशाला औषध पाजत होतो. फूट कमी असताना पाणी कमी, ज्यांच्यासमोर पाला नाही ते नोझल बंद, ट्रॅक्टरचा वेग कमी, एवढ्यानंच औषध बरंच वाचतं.

प्लॅस्टिक कव्हरबद्दल पण लोक विचारतात. पान ओलंच होत नाही त्यामुळे डाऊनीला चांगलं, यात वाद नाही. पण आत कोरडं आणि ऊन मंद, भुरी आणि कोळी, फुलकिडे यांना ते मानवतं, आणि खर्च आणि ते प्लॅस्टिक फाटल्यावर जाणार कुठे. पहिल्या वर्षी नका यात पडू.

जमिनीचं थोडक्यात. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग किंवा धैंचा, फुलावर यायच्या आधी कापून तिथेच पसरवा. वेलीच्या बुंध्याशी पाचटाचं आच्छादन. तणनाशक नाही. उन्हाळ्यात धूळ उडणाऱ्या बागेत लाल कोळी जास्त असतो, नुसत्या आच्छादनानं आणि बागेतल्या रस्त्यावर पाणी मारल्यानं सुद्धा फरक पडतो. छाटणीची काडी जाळू नका, कुट्टी करून कंपोस्ट, फक्त करप्याच्या खड्ड्यांची किंवा खोडकिड्याची असेल ती बाहेर काढा.

आता स्ट्रॉबेरी. सुरगाण्या-कळवणकडे लोक करतात, तुमच्याकडे पण होईल. पण हिचा विचार वेगळा, ही जमिनीलगत बसलेली, नाजूक सालीची, दर दोन-तीन दिवसांनी तोडायची, तोडणी सुरू झाल्यावर पीएचआय पाळायला जागाच उरत नाही. म्हणून हिच्यात जे करायचं ते लावणीच्या आधी. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी अनेक वर्षं मिथाइल ब्रोमाइडनं माती धुरवून करत, तो वायू ओझोनला खातो म्हणून मॉन्ट्रियल करारानं २००५ पासून बंद केला, तरी स्ट्रॉबेरीवाल्यांना पर्याय सापडेना म्हणून सवलती चालू राहिल्या पार २०१६ पर्यंत. त्या पर्यायांच्या शोधातूनच तिथे भाताचा कोंडा मातीत मिसळून, पाणी भरून, वर प्लॅस्टिक झाकून जमिनीतली हवा संपवायची पद्धत बसवली गेली, मूळ कल्पना जपान आणि नेदरलँड्सची. आपल्याला तेवढंही नको, आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन आहे. इस्रायलच्या काटान यांनी १९७६ मध्ये दाखवलेलं सोलरायझेशन करा, बेड पाडून भरपूर ओलवा, पारदर्शक पातळ प्लॅस्टिक मातीला चिकटून ताणा, कडा मातीत दाबा, चार ते सहा आठवडे हलवू नका. पारदर्शक हं, काळं नाही, काळ्यानं तेवढी उष्णता खाली जात नाही. मग पावसाळ्यात ताग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला लावण.

दुसरी गोष्ट मधमाशी. द्राक्षाला मधमाशी लागत नाही म्हणून आपल्याला तिची सवयच नाही. स्ट्रॉबेरीच्या फळावर जे दाणे दिसतात त्यातला प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे फळावा लागतो, जिथे परागण झालं नाही तिथे गर भरत नाही आणि फळ वाकडं होतं. तुमच्या फळाची एक बाजू चपटी येत असेल तर खत नका शोधू, सकाळी दहाला शेतात उभं राहून माशा मोजा. महाबळेश्वर तालुक्यात मांघर हे २०२२ ला मधाचं गाव झालं, तिकडची सातेरी ही देशी मधमाशी आणि तिकडची स्ट्रॉबेरी एकमेकांच्या शेजारीच आहेत. कॅनडात ग्वेल्फला १९९२ ला आणि पुढे फिनलंडमध्ये तर मधमाश्यांकडूनच रोगनियंत्रण करून घेतलं, पेटीच्या दाराशी उपयोगी बुरशीची पावडर ठेवायची, माशी त्यातून चालत बाहेर पडते आणि प्रत्येक फुलावर थोडी थोडी ठेवून येते, राखाडी बुरशी फुलातूनच फळात शिरते म्हणून तिची जागा आधीच अडवली जाते. मला हे काम वाचून झोप लागली नव्हती. अर्ध्या एकराला तुम्ही हा खटाटोप करू नका, पण दोन सातेरी पेट्या ठेवा आणि फुलं असताना सकाळी कुठलाही स्प्रे नाही. स्पिनोसॅड हे कीटकनाशक नैसर्गिक म्हणून मारू नका, ओलं असताना ते माशीला मारतं. आणि एक लक्षात घ्या, पेट्या ठेवल्या की द्राक्षाचा ब्लोअर पण त्यांच्या वाऱ्याच्या दिशेनं फिरवता येणार नाही, म्हणून स्ट्रॉबेरीची जागा बागेच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवडा आणि मध्ये शेवरी किंवा गजराजची दाट ओळ लावा.

वडिलांचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. चार एकर मागू नका. सहा ओळी मागा, बाकी बाग त्यांच्या पद्धतीनं चालू दे. ओळी रस्त्याकडच्या घेऊ नका, धुळीनं कोळी येईल आणि दोष तुमच्या पद्धतीला लागेल, बांधाजवळच्या सावलीतल्या पण नको. मधल्या घ्या, आणि त्यातल्याही कडेच्या दोन-दोन ओळींचे आकडे धरू नका, शेजारचा स्प्रे तिथे उडतो, मधल्या दोनच खऱ्या. दर सोमवारी आणि गुरुवारी त्या दोन ओळींत आणि वडिलांच्या दोन ओळींत वीस-वीस वेली, पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून फुलकिडे किती, खोडावर मिलीबग आहे का, पानाखाली कोळी, तेलकट डाग, आणि लेडीबर्ड किती, सगळं एकाच वहीत. मोजायला वडिलांना बरोबर घ्या, त्यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली असणार. खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धरली तर तुमच्याकडे साल काढायला आणि मुंग्यांची वारुळं शोधायला जेमतेम पंधरा दिवस आहेत, त्यामुळे वही आजच आणा.